नाव तेच, अक्षरं तीच, तरी कॉम्प्युटर म्हणतो ‘जुळत नाही’

शाळा उघडली की पहिले पंधरा-वीस दिवस आमच्यासारख्या वर्गशिक्षकांचे फळ्यापेक्षा कॉम्प्युटरसमोरच जास्त जातात. यूडायसची माहिती, आधार, बँक खातं, अपार क्रमांक, शिष्यवृत्तीची यादी. एका वर्षी आम्हाला दोन याद्या जुळवायच्या होत्या. एक दाखल-खारीज रजिस्टरवरून शाळेत टाइप केलेली, दुसरी पालकांनी मोबाइलवरून भरून पाठवलेल्या फॉर्मची. आमचा एक जुना विद्यार्थी सध्या नागपूरला सॉफ्टवेअरचं शिकतो. सुटीत घरी आला होता. म्हणाला, ‘सर, हाताने कशाला, मी छोटासा प्रोग्राम लिहून देतो.’

प्रोग्राम चालला. पण नऊ मुली ‘सापडल्या नाहीत’. आम्ही दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघितल्या. इथेही ‘फ़ातिमा’, तिथेही ‘फ़ातिमा’. इथे ‘ज़ैनब’, तिथेही ‘ज़ैनब’. मात्रा, वेलांटी, खालचा नुक्ता, सगळं सारखं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. फरक नाहीच.

मग त्या मुलाने आम्हाला नावाच्या जागी नावामागचे आकडे काढून दाखवले, आणि आमच्या डोक्यात प्रकाश पडला. घरोघरी नावाच्या चुकीवरून जी धावपळ चालते, तिच्यातली निम्मी गोष्ट त्या आकड्यांत आहे, म्हणून ती इथे सविस्तर सांगतो.

कॉम्प्युटरला ‘फ’ माहीत नाही. त्याला फक्त आकडे माहीत. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे माणसांनी ठरवून दिलेलं असतं. या ठरवण्यालाच एन्कोडिंग म्हणतात. आज जगभर चालतं ते कोष्टक म्हणजे युनिकोड. त्यात ‘क’ला २३२५ क्रमांक आहे, ‘फ’ला २३४७, आणि खालच्या नुक्त्याला स्वतंत्र क्रमांक, २३६४. इथपर्यंत ठीक. पण त्याच कोष्टकात नुक्त्यासकट अख्ख्या ‘फ़’लाही एक वेगळा क्रमांक दिलेला आहे, २३९८. म्हणजे एकच अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं: एका आकड्यात, किंवा दोन आकडे एकापुढे एक ठेवून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. एका कीबोर्डने पहिला प्रकार लिहिला, दुसऱ्याने दुसरा. आमच्या नऊ मुली याच फटीत अडकल्या होत्या.

युनिकोडचे नियम सांगतात की हे दोन प्रकार एकच मानावेत. त्यासाठी तुलना करण्याआधी सगळी नावं एका साच्यात आणण्याची पद्धतही ठरलेली आहे. चांगलं सॉफ्टवेअर ते करतं. घाईत लिहिलेलं करत नाही. आमच्या विद्यार्थ्याने एक ओळ वाढवली आणि नऊच्या नऊ मुली सापडल्या.

उर्दूत हा घोळ आणखी मोठा. आपण उर्दूत जी ‘छोटी ये’ लिहितो तिचा क्रमांक १७४०. अरबीतली ‘या’ १६१०. शब्दाच्या मधे आल्या की दोघी अगदी सारख्या दिसतात. उर्दूचा काफ १७०५, अरबीचा काफ १६०३. ‘फातिमा’च्या शेवटी उर्दूत जी गोल ‘हे’ येते ती १७२९. अरबी कीबोर्डवरची ‘हे’ १६०७. आणि अरबीत या नावाच्या शेवटी असते ती दोन ठिपक्यांची गोल ‘ते’ १५७७. सौदीला नोकरीला असलेल्या भावाने अरबी कीबोर्डवर नाव लिहून पाठवलं, इथे आपण उर्दू कीबोर्डवर शोधलं, तर सापडणार नाही. म्हणून मोबाइलमध्ये उर्दू लिहायचं असेल तर कीबोर्डच्या यादीतून ‘उर्दू’च निवडावी. अरबी निवडून भागवू नये.

आता थोडं मागे जाऊ. हा गोंधळ आला कुठून?

अमेरिकेत १९६३ साली ॲस्की नावाचं कोष्टक ठरलं. त्यात एकूण १२८ जागा. इंग्रजीची अक्षरं, अंक, विरामचिन्हं, झालं. देवनागरी, उर्दू, बंगाली, तेलुगू यांना त्यात जागाच नव्हती. आपल्याकडे कॉम्प्युटर आले तेव्हा लोकांनी यावर जुगाड काढला. इंग्रजी अक्षराचा आकडा तसाच ठेवायचा, फक्त त्या जागी देवनागरीचं चित्र बसवायचं. आपल्या विदर्भात टायपिंगच्या क्लासला गेलेल्या प्रत्येकाला माहीत असलेला कृतिदेव फॉन्ट हा असाच.

कृतिदेवमध्ये ‘नाव’ लिहिलं की फाइलमध्ये प्रत्यक्षात यू, के, ओ ही तीन इंग्रजी अक्षरं साठतात. ‘कमल’ लिहिलं तर डी, ई, वाय. फॉन्ट अंगावर आहे तोवर ते मराठी दिसतं. फॉन्ट काढला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा. ‘फातिमा’ लिहिलं की त्यात क्यू, के, एफ, आर, ई, के अशी रांग लागते, आणि त्यात आणखी एक गंमत: ऱ्हस्व वेलांटी ‘त’च्या आधी साठते, कारण टाइपरायटरवर ती आधी मारावी लागायची. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे ‘त’नंतर साठते. कृतिदेवची फाइल युनिकोडमध्ये बदलताना वेलांट्या आणि रफार इकडेतिकडे उडतात ते यामुळे. बदलून मिळतं, सोयही फुकट मिळते, पण नंतर माणसाने वाचून तपासणं सुटत नाही. विशेषतः नावं.

सरकारी पातळीवर काहीच झालं नाही असंही नाही. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये इस्की नावाचं भारतीय लिप्यांचं कोष्टक ठरवलं, पुण्याच्या सी-डॅकने त्यावर काम केलं. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच १९९१ सालची, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली आहे. म्हणजे पाया आपलाच होता. पण तहसीलच्या बाहेर बसणारा टायपिस्ट, लग्नपत्रिका छापणारा, शाळेचा लिपिक, यांच्या बोटांना कृतिदेवची सवय होती. बोटांची सवय शासन निर्णयाने बदलत नाही, हे आम्ही स्वतःवरून सांगतो. आम्हाला तीन महिने लागले.

उर्दूची गोष्ट वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचली. नस्तालीक लिपी तिरकी उतरते, अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर बसतात. ती जुन्या यंत्रांना जमायची नाही. म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कातिबांच्या हातची असायची. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडअक्षरांचे तुकडे हाताने लिहून घेऊन नूरी नस्तालीक तयार केला आणि १९८१ मध्ये लाहोरच्या ‘जंग’ने तो वापरला. पुढे दिल्लीच्या एका कंपनीने १९९४ च्या सुमारास इनपेज आणलं आणि आपल्या मदरशांपासून मुशायऱ्याच्या पोस्टरपर्यंत सगळं त्यावर होऊ लागलं. इनपेजचे उपकार आहेतच. पण जुन्या इनपेजची फाइल युनिकोडमध्ये नसते, तिचं स्वतःचं वेगळं कोष्टक असतं. ती उघडायला इनपेजच लागतं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं आजोळ. तिथल्या जमातीने वीसेक वर्षांपूर्वी मोठ्या कष्टाने घरवार यादी आणि कब्रस्तानचं रजिस्टर इनपेजमध्ये टाइप करून घेतलं होतं. कोण कुणाचा मुलगा, कोणत्या साली इंतकाल, कब्र कोणत्या रांगेत. छापील प्रत वाळवीने खाल्ली. उरली एक सीडी. ती घेऊन सदरसाहेब आमच्याकडे आले आणि म्हणाले, ‘मास्टर, इसमें हमारे दादा का नाम है, निकाल दो.’ फाइल निघाली, पण उघडल्यावर जे दिसलं ते ना उर्दू, ना मराठी, ना इंग्रजी.

ती कशी सुटली ते पुढे सांगतो. आधी एक ओळख करून देतो, कारण असा चिवडा प्रत्येकाच्या मोबाइलवर कधी ना कधी येतोच, आणि लोक घाबरून फाइलच पुसून टाकतात. चिवडा तीन प्रकारचा असतो.

पहिला प्रकार, अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी. यात माहिती शाबूत असते, फक्त तुमच्या यंत्रात त्या लिपीचा फॉन्ट नसतो. फॉन्ट टाका, अक्षरं दिसतील.

दुसरा, डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’, त्याला चिकटून एक गोल चलनाचं चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह, आणि हेच पुन्हापुन्हा. हे ओळखीचं वाटेल. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. युनिकोडचे आकडे मोठे. फाइलमधला एक खण, म्हणजे एक बाइट, २५५ च्या वर आकडा मावू देत नाही. म्हणून मोठा आकडा अनेक खणांत वाटून ठेवण्याची एक रीत आहे, तिचं नाव यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी ती सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीच्या एका हॉटेलात जेवता जेवता ताटाखालच्या कागदावर आखली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक खण, उर्दू अक्षराला दोन, देवनागरीला तीन. ‘फ’ म्हणजे २२४, १६४, १७१. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. पहिले दोन आकडे बघा, सारखेच. आता हीच फाइल एखाद्या प्रोग्रामने जुन्या इंग्रजी कोष्टकाने वाचली, तर २२४ चा होतो तिरक्या रेघेचा ‘ए’ आणि १६४ चं होतं चलनाचं चिन्ह. प्रत्येक अक्षरामागे तेच दोन. उर्दूच्या बाबतीत मधून रेघ मारलेला ‘ओ’ वारंवार दिसतो. आकडे शाबूत आहेत, वाचणारा चुकीचं कोष्टक घेऊन बसलाय. बहुतेक वेळा हे दुरुस्त होतं.

तिसरा प्रकार, नुसती प्रश्नचिन्हं. रांगेने. इथे मात्र इन्ना लिल्लाह म्हणायचं. कुठल्यातरी प्रोग्रामने साठवतानाच मूळ आकडे फेकून प्रश्नचिन्ह लिहून टाकलेलं असतं. परत येत नाही. मूळ फाइल दुसरीकडे असेल तरच.

दुसऱ्या प्रकाराचा सर्वांत मोठा कारखाना म्हणजे एक्सेल आणि सीएसव्ही फाइल. सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर, रकाने स्वल्पविरामाने तोडलेले. ती कोणत्या कोष्टकात लिहिली आहे हे त्या फाइलवर लिहिलेलं नसतं. डबल क्लिक केलं की एक्सेल अंदाज करतं, आणि मराठीच्या बाबतीत तो अंदाज बऱ्याचदा चुकतो. उपाय सोपा: आधी रिकामी एक्सेल उघडा, डेटा या मेनूतून फाइल आत घ्या, तिथे यूटीएफ-८ निवडा. साठवतानाही ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय घ्या.

याच एक्सेलची एक खोड पालकांनीही माहीत करून घ्यावी, कारण तिच्यामुळे शिष्यवृत्तीचे पैसे अडकू शकतात. एक्सेल बँक खात्याला खाते क्रमांक समजत नाही, ते त्याला एक मोठी संख्या समजतं. संख्येच्या पहिल्या १५ अंकांपलीकडचं त्याला आठवत नाही. काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात. सोळाव्याच्या जागी गुपचूप शून्य येतं. क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर ते शून्य गळतं. आधार १२ अंकी, म्हणून तो हरवत नाही, पण मधे दशांश चिन्ह आणि पुढे ई असा विचित्र दिसू लागतो. रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवला तर यातलं काही होत नाही. आधी, बरं का. शून्य एकदा आल्यावर रकाना टेक्स्ट केला तरी हरवलेला अंक परत येत नाही.

पीडीएफबद्दलही एक गैरसमज आहे. ‘सर, पीडीएफ करून ठेवलंय, आता चिंता नाही.’ पीडीएफ हा कागदाचा भाऊ आहे. पान कसं दिसावं हे तो जपतो, १९९३ पासून त्याचं कामच ते. पण कृतिदेवमधून केलेल्या पीडीएफमध्ये ‘फातिमा’ शोधून बघा, सापडणार नाही, कारण आत क्यू-के-एफ-आरच आहे. आणि मोबाइलने फोटो काढून केलेल्या पीडीएफमध्ये तर अक्षरंच नसतात, नुसतं चित्र असतं. छापायला पीडीएफ ठेवा, पण ज्या फाइलवरून ती केली ती मूळ फाइलही सोबत ठेवा. व्हॉट्सॲपवर दाखला पाठवायचा तर फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान होतो आणि शिक्क्यावरचं साल वाचता येत नाही.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा विषय फक्त उर्दू-मराठीचा नाही. सिरोंचाकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेरा भागात बंगाली, आणि जंगलाच्या आत गोंडी-माडिया. गोंडीला स्वतःच्या लिप्या आहेत. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये एक तयार केली. दुसरी आपल्या शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांत सापडली. मसराम गोंडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली जून २०१७ मध्ये, गुंजाळा गोंडीला जून २०१८ मध्ये. देवनागरीनंतर पाव शतकाने. या लिप्यांच्या अक्षरांना यूटीएफ-८ मध्ये चार खण लागतात. आणि इथे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची एक जुनी चूक आडवी येते: मायएसक्यूएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ-८’ या नावाने जो पर्याय वर्षानुवर्षं होता, तो तीनच खण घ्यायचा. चार खणांचा वेगळा पर्याय २०१० मध्ये आला, पण जुन्या पद्धतीने बांधलेल्या वेबसाइटी अजून तशाच आहेत. अशा वेबसाइटीवर मराठी चालेल, उर्दू चालेल, गोंडी लिपीत लिहिलेलं नाव मात्र साठणार नाही. आपली जी मुलं कॉम्प्युटर शिकत आहेत त्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवावं. ज्याच्या नावाला फॉर्ममध्ये जागा नसते, त्याला काय वाटतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता नावांच्या स्पेलिंगबद्दल. वरच्या सगळ्या तांत्रिक गोष्टी सॉफ्टवेअरवाले सुधारू शकतात. पण ‘फातिमा’, ‘फातेमा’ आणि ‘फातीमा’ ही कॉम्प्युटरच्या दृष्टीने तीन माणसं आहेत, आणि ते कुठलंही एन्कोडिंग सुधारू शकत नाही. शेख आधी की शेवटी, ‘मोहम्मद’ पूर्ण की ‘मो.’, ‘बी’ जोडून की सोडून, बापाचं नाव मधे आहे की नाही. उर्दूत नाव एकच असतं, पण मराठीत आणताना ग्रामपंचायतीने एक केलं, शाळेने दुसरं, आधार केंद्रावरच्या मुलाने इंग्रजीवरून तिसरं. अपार काढताना शाळेच्या नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं, आणि तिथे हा फरक आडवा येतो. जुन्या दाखल्यांवर तर जिल्हाही वेगळा: आजोबांच्या कागदावर ‘जि. चांदा’, वडिलांच्या कागदावर ‘चंद्रपूर’, आणि २६ ऑगस्ट १९८२ नंतरच्या कागदावर ‘गडचिरोली’. गाव जागचं हललेलं नाही.

आमचा सल्ला एवढाच की बाळाचा जन्मदाखला काढायच्या आधी घरात बसून नावाचं उर्दू, मराठी आणि इंग्रजी रूप एका कागदावर लिहून ठरवा, आणि पुढे प्रत्येक खिडकीवर तोच कागद दाखवा. मराठी रूपात नुक्ता देऊ नका. तो उच्चारासाठी बरोबर आहे हे उर्दू शिकवणारे म्हणून आम्हालाही कळतं, लिहिताना हात आपोआप खाली जातो. पण मराठी लेखनात तो नसतो, समोरचा टाइप करणारा कधी देईल, कधी देणार नाही, आणि दोन्ही वेळा भोगणार तुमची मुलगी.

त्या सीडीची गोष्ट राहिली. चंद्रपुरात पत्रिका छापणाऱ्या एका ओळखीच्याकडे जुनं इनपेज अजून चालू होतं. त्यात फाइल उघडली, मग युनिकोडमध्ये बदलून घेतली. ऐंशी-नव्वद टक्के बरोबर आली म्हणा, पण काही नावांत काना-मात्रा गेल्यासारखी अक्षरं गळाली आणि काही आकडे उलटे झाले. ते कोणताही प्रोग्राम सांगू शकत नाही. ते सांगणारे गावात आता दोघंच उरलेत, त्यातले एक खालाजान ऐंशीच्या पुढच्या आहेत. दर जुम्याला नमाजनंतर सदरसाहेबांचा नातू लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओसरीवर बसतो. तो नाव वाचतो, त्या म्हणतात ‘नही बेटा, वो हमीदा नही, हमीदुन’, आणि तो दुरुस्त करतो. पहिल्या साठ घरांची नावं झाली आहेत. पावसाळ्यात रस्ता बंद व्हायच्या आधी कब्रस्तानच्या तीन रांगा पूर्ण करायच्या आहेत.